राखीव पाणी

जलचरांच्या वाढीसाठी समुद्राचा, नदीचा किंवा तलावाचा जो भाग मासेमारीपासून पूर्णतः वा अंशतः मुक्त ठेवला जातो, त्यास राखीव पाणी म्हणता येईल. समुद्रातील अशा भागासाठी ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ ही संज्ञा रूढ आहे.

यामागील तत्त्व पूर्व विदर्भातील ढिवर या मासेमार समाजाला नवे नाही. पावसाळ्यात मरळीची नारिंगी पिल्ले तलावाच्या काठालगत थव्याने वर येतात आणि त्यांच्याखाली नर-मादी राखण करीत असतात. त्या वेळी मोठी मरळ धरली, तर थवाच्या थवा इतर माशांच्या तोंडी जातो. शिवाय मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. म्हणून मोठे मासे पाण्यात टिकू देणे हेच राखीव पाण्याचे मुख्य काम होय.

राखण खरोखर झाली, तर फळ मोठे मिळते. मेक्सिकोतील काबो पुल्मो हे सागरी क्षेत्र गावकऱ्यांच्या पुढाकाराने १९९५ साली राखीव झाले आणि १९९९ ते २००९ या काळात तेथील माशांचे एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढले. याउलट, ८७ क्षेत्रांच्या २०१४ मधील जागतिक अभ्यासात पाच कसोट्या महत्त्वाच्या ठरल्या: मासेमारी पूर्ण बंद असणे, कडक राखण, १० वर्षांहून अधिक काळ, १०० चौ. किमी.पेक्षा मोठा विस्तार आणि खोल पाण्याने वा वाळूने आलेले वेगळेपण. ५९ टक्के क्षेत्रांत यांपैकी जेमतेम एक-दोनच आढळल्या, आणि अशी क्षेत्रे लगतच्या खुल्या पाण्याहून फारशी निराळी नव्हती. २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखण्याचे २०२२ मधील आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट त्यामुळे नुसत्या क्षेत्रफळावरून जोखणे योग्य नाही. शिवाय काबो पुल्मोसारखा गावकऱ्यांचा पुढाकार सर्वत्र नसतो: महाराष्ट्रात १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनीच विरोध केला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी (मामा) तलावांना, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातील गावतलावांना, विस्ताराची कसोटी लागू पडत नाही. उन्हाळ्यात अनेकांचा तळच उघडा पडतो. येथे नुसते जाळे थांबवून भागत नाही, कारण देशी मासे ज्यांत अंडी घालतात व लपतात त्या पाणवनस्पतीच पुष्कळ ठिकाणी उरलेल्या नाहीत. काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी बेशरमाची झुडपे उपटून, तळ नांगरून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. अशा तलावात मासेमारीच्या ठेक्याची रक्कम भरून काढण्यासाठी ग्रास कार्पचे बीज सोडू नये, कारण तो मासा नव्याने लावलेली हीच रोपे खातो.