सीडी४ पेशीगणना

एचआयव्हीच्या संसर्गाने रोगप्रतिकारक्षमता कितपत खालावली आहे, हे अजमावण्यासाठी केली जाणारी रक्तातील साहाय्यक टी पेशींची (पृष्ठावर सीडी४ हा रेणू असलेल्या, रोगप्रतिकारास चालना देणाऱ्या पांढऱ्या पेशींची) मोजणी. निरोगी प्रौढाच्या दर घन मिमी. रक्तात अशा पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. रुग्णांच्या बोलण्यात ती ‘सीडी फोर’ किंवा नुसती ‘काउंट’ असते.

पेशीपृष्ठावरील रेणूंना सीडी क्रमांक देण्याची पद्धत १९८२ मध्ये पॅरिस येथील कार्यशाळेपासून रूढ झाली. त्याआधी सीडी४ हा रेणू टी४ म्हणून ओळखला जाई. एड्सच्या १९८१ मधील पहिल्या रुग्णांतच या पेशी घटल्याचे दिसले होते. विषाणू मात्र १९८३ मध्ये सापडला आणि तो याच रेणूला चिकटून पेशीत शिरतो, हे १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी दाखवले. म्हणजे कारण कळण्याआधीच खूण हाती आली होती.

गणनेसाठी २०० ही धोक्याची सीमारेषा मानतात; ती कोठून आली, याविषयी थोडे तारतम्य बाळगावे लागते. गणना २०० च्या खाली गेल्यावर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचा (एका बुरशीमुळे होणाऱ्या फुप्फुसदाहाचा) धोका बराच वाढतो, असे अमेरिकेतील पुरुषांच्या एका दीर्घ पाहणीतून १९९० मध्ये पुढे आले. १९९३ मध्ये तेथील एड्सच्या व्याख्येतही हाच आकडा घेण्यात आला. तो जोखमीचा टप्पा दर्शवतो. त्याला शरीरातील नैसर्गिक सीमा मानणे सयुक्तिक वाटत नाही.

मोजणीसाठी प्रवाह-पेशीमापन यंत्र वापरतात. प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेले प्रतिपिंड रक्तात मिसळून पेशी एकेक करून लेसरच्या झोतापुढून नेल्या जातात. जुन्या, दोन यंत्रांच्या पद्धतीत लिंफोसाइटांमधील (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींमधील) सीडी४ पेशींची टक्केवारी एका यंत्रावर आणि लिंफोसाइटांची संख्या दुसऱ्यावर काढून गुणाकार करीत, त्यामुळे दोन्हींतील चुका एकत्र येत. पांढऱ्या पेशी ६,००० असून त्यांत लिंफोसाइट ३० टक्के व त्यांपैकी सीडी४ पेशी २५ टक्के असल्यास गणना ४५० येते. किरकोळ आजारात लिंफोसाइट २० टक्क्यांवर आले, तर टक्केवारी तीच राहूनही ती ३०० भरते. शिवाय संध्याकाळची गणना सकाळपेक्षा जास्त असते. म्हणून एकाच अहवालावरून निर्णय घेत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांत या पेशींची संख्या मुळातच जास्त व वयानुसार बदलती असल्याने टक्केवारी अधिक विश्वसनीय मानतात.

भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. ती केव्हा सुरू करावी हे तेव्हा मुख्यतः गणनेवरून ठरे. जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २०० वरून ३५० व २०१३ मध्ये ५०० वर नेली, तर २०१५ मध्ये ती काढूनच टाकली. भारताने २०१७ मध्ये सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. उपचार लागू पडत आहेत की नाही, हे पाहण्यासाठी आता विषाणुभार चाचणीला (रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजण्याला) प्राधान्य आहे, कारण औषधांना न जुमानणारा विषाणू वाढू लागला, तरी गणना काही महिने टिकून राहू शकते. उलट विषाणू पूर्ण दबूनही काहींची गणना वाढत नाही. उशिरा आलेल्या रुग्णांत मात्र क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या प्रतिजनाची चाचणी व को-ट्रायमोक्साझोल या जंतुविरोधी औषधाची प्रतिबंधक मात्रा यांचा निर्णय अजूनही गणनेवरून घेतला जातो.