सफायर काच बसवण्याआधी

घड्याळाची काच बदलायला येणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, "मिनरल, म्हणजे कडक केलेली साधी काच, घालू की सफायर?" त्यावर हमखास प्रश्न येतो, "सफायर म्हणजे नीलम ना? मग निळी का नाही?"

नीलम, माणिक आणि धार लावायचा कुरुंद हे तिन्ही मुळात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच. क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोह आणि टायटॅनियम आलं की नीलम. काहीच मिसळलं नाही तर स्फटिक पाण्यासारखा नितळ होतो. घड्याळाची काच त्याचीच, पण ती खाणीतून येत नाही. अ‍ॅल्युमिना (म्हणजे तेच ऑक्साइड) २,००० अंश सेल्सिअसच्याही वर वितळवून तो स्फटिक कारखान्यात वाढवतात. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हर्नय यांनी १९०२ मध्ये ज्योतीत माणिक वाढवण्याची रीत जाहीर केली. चावीच्या घड्याळातले लाल 'ज्युवेल', म्हणजे चाकांच्या आसांना टेकू देणारे खडे, त्याच जातीचे. एलईडी दिव्यांतल्या कितीतरी चिपाही सफायरच्या चकतीवरच घडतात.

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. त्यांचा कठीणपणा मोह्‌सच्या १ ते १० या मापावर ७, मिनरल काचेचा ५ ते ६, सफायरचा ९. म्हणून रोज दुचाकीवर फिरणाऱ्याची मिनरल काच वर्षा-दोन वर्षांत धुरकट दिसू लागते, सफायर तशीच राहते. हिऱ्याची अंगठी आणि पॉलिश पेपर मात्र तिच्यापासून दूर ठेवा.

कठीण म्हणजे न फुटणारी, असं मात्र समजू नका. बाथरूमच्या फरशीवर कडेनं आपटली तर सफायर तडकते, आणि तिचे बारीक कण डायलवर पडून काटे फिरताना ओरखडे उठवतात. असं झालं तर चावी देऊ नका, घड्याळ हलवू नका. डायल वर ठेवून, रुमालात अलगद गुंडाळून लगेच आणा.

साधी सफायर उन्हात जास्त चमकते, वेळ दिसत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी आतून चमकरोधक लेप असलेली घ्या. बाहेरचा लेप मात्र ओरखडतो, तो आम्ही सुचवत नाही.

वडिलांचं जुनं एचएमटी घेऊन आलात, तर आम्ही सफायरचा आग्रह धरणार नाही. त्याची मूळची अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिकची) काच बहुधा नुसत्या पॉलिशनं दहा मिनिटांत उजळते. आधी ते करून पाहू.