ओपियम (पर्फ्यूम)

ईव्ह साँ लोराँ या फ्रेंच फॅशनसंस्थेने १९७७ साली बाजारात आणलेले स्त्रियांचे पर्फ्यूम. ओपियम म्हणजे अफू. झाँ आमिक आणि झाँ-लुई स्यूझाक यांनी ते घडवले. वर लवंग, मिरी, धणे यांचा मसाला आणि खाली लोबान, हिराबोळ, व्हॅनिला यांची दाट गोडी ही त्याची ओळख. एस्टी लॉडरच्या यूथ ड्यू (१९५३) या पर्फ्यूमने ही वाट आधीच दाखवली होती. ओपियम त्या वाटेवर अधिक धीटपणे चालले, आणि ऐंशीच्या दशकात खोलीभर दरवळणाऱ्या सुगंधांची चलती झाली.

हे पर्फ्यूम कागदी पट्टीवर हुंगून कळत नाही, ते मनगटावरच लावून पाहावे. आधी संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीचा तजेला येतो. त्यातले रेणू हलके असल्याने अंगाच्या उबेने ते काही मिनिटांतच उडून जातात. मग लवंग वर येते. लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल. कार्नेशनच्या फुलाचा मिरमिरीत वासही गंधकार त्याच्याच आधाराने उभा करतात. त्यामुळे या टप्प्यावर मसाला कुठे संपला आणि फूल कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. ओपियमचे खरे कसब इथे आहे. जाई त्याला मऊपणा देते. तास-दोन तासांनी तिखटपणा ओसरतो आणि राळ, चंदन, पॅचूली (सुगंधी पानांची एक वनस्पती) यांचा ऊबदार, किंचित धुरकट गोडवा उरतो. हे घटक जड असतात, सावकाश उडतात. कपड्यावर तर दुसऱ्या दिवशीही जाणवतात. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर विरतो, तेलकट त्वचेवर तो अधिक टिकतो. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. दोन थेंब पुरतात, आणि बंद गाडीत तेवढेही जास्त होतात.

कुपी प्येर दिनाँ यांची. जपानी पुरुष कमरपट्ट्याला अडकवत त्या ‘इन्रो’ नावाच्या लहान डबीवरून तिचा आकार घेतला आहे. चिनी अफूचे नाव आणि जपानी डबी, अशी ही पूर्वेची सरमिसळ. अमेरिकेत ते १९७८ साली न्यूयॉर्क बंदरात ‘पेकिंग’ या शिडाच्या जहाजावर मोठी मेजवानी देऊन सादर झाले. चिनी-अमेरिकन नागरिकांनी नावाविरुद्ध निदर्शने केली. त्यांचा राग रास्त होता. १८३९-४२ आणि १८५६-६० च्या अफूयुद्धांत चीनची ज्या अफूपायी वाताहत झाली, तिचे नाव इथे चैनीची वस्तू म्हणून विकले जात होते. त्या व्यापाराशी मुंबईचाही जवळचा संबंध आहे: माळव्याची अफू इथूनच चीनला जाई आणि सर जमशेटजी जीजीभॉयांसारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती त्यातून वाढली. नाव मात्र बदलले नाही. खप वाढतच गेला. २००० साली सोफी डाल या मॉडेलच्या विवस्त्र छायाचित्राची जाहिरात ब्रिटनमध्ये तक्रारींच्या वर्षावानंतर फलकांवरून काढावी लागली.

युजेनॉलमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून अशा घटकांच्या वापरावर पुढे मर्यादा आल्या. २००९ साली ओपियम नव्या कुपीत आले. तोवर मिश्रणही बदलले होते. नवे रूप नेटके आहे, पण लवंगेचा जुना जोर आणि राळेची दाटी त्यात नाही. २०१४ चे ब्लॅक ओपियम कॉफी आणि व्हॅनिलाचे. ते मूळ ओपियमशी नावापुरतेच जोडलेले आहे. जुन्या कुप्या आजही जुन्या बाजारात मिळतात. कुपी उजेड आणि उष्णतेपासून जपलेली असेल तर आरंभीचा फळांचा वास बिघडलेला असूनही तळाचा गंध बहुधा शाबूत सापडतो.