जीफोर्ट्रान दहा आणि ती ‘टाइप मिसमॅच’ची एरर : मागची गोष्ट

कोल्हापुरात फोर्ट्रान ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा अजून जिवंत आहे, आणि नुसतं फिजिक्सच्या लॅबमधेच नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यावर पावसाची मॉडेल्स आपल्याच मशीनवर चालवून बघायची हौस इथल्या बऱ्याच पोरांना लागली, आणि ती मॉडेल्स म्हणजे डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल धरून बहुतेक सगळी फोर्ट्रानच. मग उबंटू लिनक्स २०.०४ चं २२.०४ केलं की कालपर्यंत गप बिल्ड होणारा (म्हणजे चालणारा प्रोग्राम बनणारा) कोड एकदम लाल होतो : ‘टाइप मिसमॅच बिटवीन ॲक्च्युअल आर्ग्युमेंट ॲट वन अँड ॲक्च्युअल आर्ग्युमेंट ॲट टू’, म्हणजे एकाच रूटीनला दोन ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारचा (टाइपचा) डेटा दिलाय. जीसीसी म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरांचा फुकट संच, जीफोर्ट्रान हा त्यातलाच फोर्ट्रानचा कंपायलर. २०.०४ मधे जीसीसी ९ होता, २२.०४ मधे ११, आणि मधे जो १० गेला त्यातच सगळी गोम आहे.

जुना इतिहास पटकन उरकतो. भाषा १९५७ ची. फुकट कंपायलर मात्र लई उशिरा आला, बरीच वर्षं एफटूसी नावाच्या टूलनं फोर्ट्रान ७७ चं सी भाषेत रूपांतर करायचं आणि मग ते कंपाइल करायचं असा उद्योग होता. नंतर जी७७ आला, तोही बहुतांशी एका माणसाच्या जिवावर. फोर्ट्रान ९० चं स्टँडर्ड १९९१ ला आलं पण जी७७ तिथवर कधी पोचलाच नाही. २००० च्या सुमाराला आणखी एका माणसानं जी९५ सुरू केला, २००३ ला काम कसं चालवायचं यावरून फाटाफूट झाली, फुटलेल्या गटानं जीफोर्ट्रान काढला आणि एप्रिल २००५ ला जीसीसी ४.० मधे जी७७ काढून तो बसवला. त्या भांडणात चूक कोणाची यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात, मला त्यात पडायचं नाही. जीफोर्ट्रान टिकला, एवढं खरं.

आता मुद्दा. जुन्या फोर्ट्रानमधे बाहेरच्या सबरूटीनला (वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याला) कॉल करताना कंपायलरला तिची आर्ग्युमेंट्स (तिला द्यायचा डेटा) माहितच नसतात, इंटरफेस म्हणजे त्यांची आधी दिलेली माहिती नसते, मेमरीतला पत्ता पाठवायचा आणि पलीकडचा बघून घेईल. नियम पहिल्यापासून आहे की टाइप जुळला पाहिजे, पण तपासणार कोण? त्यात एमपीआय आलं, म्हणजे अनेक प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामनं आपापसात डेटा पाठवायची पद्धत. एमपीआय-सेंडला एकदा डबल प्रिसिजनचा (दशांश आकड्यांचा) ॲरे म्हणजे रांग द्यायची, चार ओळी खाली इंटीजरचा, आणि सीमधल्या व्हॉइड पॉइंटरसारखं (कुठल्याही टाइपला चालणाऱ्या पत्त्यासारखं) काही फोर्ट्रानमधे नव्हतंच, म्हणून अख्ख्या जगानं नियम मोडला आणि कंपायलर गप्प बसले. एकटा स्केलर म्हणजे एकच आकडा ॲरेच्या जागी ढकलणं हाही त्यातलाच प्रकार.

२०१९ ला हे अंगाशी आलं. आर या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेतून लापॅक या गणिताच्या फोर्ट्रान लायब्ररीची रूटीन्स सीमधून बोलावली जायची. कॅरेक्टर (मजकुराचं) आर्ग्युमेंट असलं की जीफोर्ट्रान त्याच्या लांबीचं एक छुपं आर्ग्युमेंट शेवटी जोडतो, आणि सीवाले ते द्यायचेच नाहीत. वर्षानुवर्षं चाललं. मग ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) हुशार झाला, टेल कॉल म्हणजे रूटीनच्या शेवटी केलेला कॉल करताना स्टॅकवरची (आर्ग्युमेंट्स ठेवायच्या मेमरीतली) तीच जागा परत वापरायला लागला, पण ती जागा कॉल करणाऱ्यानं ठेवलेलीच नाही, त्यामुळे भलत्याच व्हेरिएबलवर लिहिलं जाऊन प्रोग्राम कोसळायला लागले. उपाय म्हणून एफ-टेल-कॉल-वर्कअराउंड हा ऑप्शन आला, डिफॉल्ट चालू, आणि मॅन्युअलमधेच लिहिलंय की हा पुढं बहुधा काढणार, तुमचा कोड दुरुस्त करा.

त्याच सुमाराला आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर अशाच इंटरफेस नसलेल्या कॉल्समधे मेमरी बिघडायची भानगड निघाली. ती मिटवायला जीफोर्ट्रान पहिल्या कॉलवरूनच आर्ग्युमेंटची यादी बनवायला लागला. आणि यादी हातात आली म्हटल्यावर दुसरा कॉल तिच्याशी जुळतो का हे दिसणारच! मे २०२० च्या जीसीसी १० मधे ही विसंगती सरळ एरर केली. वॉर्निंग नाही, एरर. एमपीआयची लायब्ररी एमपिच, डेटा फाइलींसाठीच्या नेटसीडीएफच्या जुन्या फोर्ट्रान आवृत्त्या, हवामानाची मॉडेल्स, सगळीकडं बोंब. एमपिचचं जुनं कॉन्फिगर (बिल्डच्या आधीची तपासणी) तर पहिल्याच पायरीला अडून सांगतं की हा कंपायलर वेगवेगळ्या टाइपची आर्ग्युमेंट्स घेत नाही.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. ज्याला चुकीचं उत्तर गप बसून मिळतंय त्याच्यापेक्षा ज्याचा बिल्ड अडलाय तो बरा. पण अर्धवट होता हेही म्हणायला पाहिजे, कारण तपासणी एकाच फाइलपुरती आहे, तेच दोन कॉल दोन फाइलींत टाका, नेहमीच्या बिल्डमधे एरर गायब, चूक तिथंच. आणि पळवाट त्याच दिवशी दिलेली होती : एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच, किंवा स्टँडर्ड लेगसी लावा, एरर परत वॉर्निंग होते. झालं! जो तो एफफ्लॅग्जमधे (कंपायलरला द्यायच्या ऑप्शनांच्या यादीत) ती ओळ चिकटवून मोकळा. रिटायर झालेल्या सरांच्या मेकफाइलमधे (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधे) आता ती असते, कशासाठी ते कोणाला ठाऊक नसतं, आणि खरी मिसमॅच असली तर तीही हजार वॉर्निंगांत बुडून जाते.

खरा उपाय आधीपासून आहे. एमपीआयसाठी एमपीआय-एफ०८ मॉड्यूल वापरायचं, त्यात कुठल्याही टाइपचा बफर कायदेशीरपणे घेता येतो, ती सोय फोर्ट्रान २०१८ च्या स्टँडर्डमधे आली. स्वतःची रूटीन्स मॉड्यूलमधे हलवली की उरलेल्या निम्म्या चुका कंपायलरच दाखवतो. पण त्याला जुना कोड उघडून बसावं लागतं, आणि तो सहाव्या कॉलमचा, गो-टूंचा जुन्या धाटणीचा कोड उघडायला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात कोणाला वेळ आहे?

दरम्यान फ्लँग हा दुसरा फुकट फोर्ट्रान कंपायलर आलाय. २०१५ ला घोषणा, २०१७ ला पहिला सोर्स, तो बाजूला ठेवून सीप्लसप्लसमधे नव्यानं लिहिलेला फ्रंटएंड (कोड वाचणारा भाग) २०२० ला एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात गेला. बरीच वर्षं त्याला फ्लँग-न्यू म्हणूनच हाक मारावी लागायची, मार्च २०२५ च्या एलएलव्हीएम २० मधे ते ‘न्यू’ गळलं. इथल्या लॅबमधे अजून तरी ॲप्टनं (उबंटूच्या इन्स्टॉलरनं) जीफोर्ट्रान टाकतात आणि कामाला लागतात.