बूट फाटला म्हणजे ॲक्सल गेला असं नाही

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून ठाण्यापर्यंत उंच केलेल्या फोर बाय फोरवाल्यांना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, बूट फाटलाय, अख्खा ॲक्सल बदला." दरवेळी ते खरं नसतं. (ॲक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, बूट म्हणजे त्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण.)

थार किंवा फॉर्च्युनरला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवलं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) वर जातो, चाकं खालीच राहतात आणि मधला ॲक्सल तिरका होतो. सीव्ही जॉइंटच्या (कोनात वळूनही चाक फिरवत राहणाऱ्या सांध्याच्या) रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. ग्रीस बाहेर उडतं, चिखलपाणी आत शिरतं. आपल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. जॉइंट मरतो तो या चिखलाने. म्हणून वेळीच लक्षात आलं तर जॉइंट सोडवून धुवा, गोळ्या नि खाचा तपासा. गुळगुळीत असतील तर मोलिब्डेनमचं ग्रीस, नवा बूट, नवे क्लॅम्प. झालं काम.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक येत असेल तर मात्र बाहेरचा जॉइंट झिजलाय. तिथे नवं ग्रीस म्हणजे निव्वळ आवाज दाबणं. ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर असेल तर संशय आतल्या जॉइंटवर. तरीही स्वस्तातला नवा ॲक्सल घेण्यापेक्षा मूळ कंपनीचा शाफ्ट (ॲक्सलचा दांडा) ठेवून जॉइंट बदललेला मला बरा वाटतो, जॉइंट सुटा मिळत असेल तर.

कोन तसाच ठेवलात तर नवा बूटही फाटणार. लिफ्ट थोडी उतरवा, नाहीतर डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट लावा. जिम्नी-जिप्सीवाल्यांनी घाबरू नये; त्यांचा पुढचा ॲक्सल सलग असतो, डिफरन्शियल चाकांसोबतच हलतो, त्यामुळे लिफ्टने हा कोन बदलत नाही.