लायब्ररीतले मेकरस्पेस आणि घरी न्यायची किट्स

सार्वजनिक लायब्ररीत पुस्तकांच्या जोडीला लोकांना हाताने काहीतरी बनवता यावं म्हणून जी जागा करतात तिला मेकरस्पेस म्हणतात. शिवणकाम, विणकाम, सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने तारा जोडणं), थ्रीडी प्रिंटिंग (प्लॅस्टिकचे थरावर थर देऊन वस्तू बनवणं), छोटे रोबोट, सगळं त्यात येतं. आणि त्याच सामानाची छोटी पेटी करून पुस्तकासारखी कार्डावर इश्यू केली की झालं किट. बऱ्याच लायब्रऱ्या दोन्ही करतात, पण ज्यांच्याकडे जागा नाही, वेगळा माणूस नाही त्यांनी किटपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

लायब्ररीने वस्तू उसन्या देणं काही नवीन नाही. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक लायब्ररीने १९७९ मध्येच लोकांना अवजारं घरी न्यायला द्यायला सुरुवात केली होती. मेकर, म्हणजे स्वतः वस्तू बनवणारा, हा शब्द मात्र २००५ मध्ये निघालेल्या 'मेक' मासिकामुळे सगळीकडे पोचला, त्याच वर्षी इटलीत आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला, मग २००९ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगच्या एका मुख्य पद्धतीचं पेटंट संपलं आणि प्रिंटर झपाट्याने स्वस्त झाले. लायब्ररीला परवडायला लागले ते यानंतरच. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल फ्री लायब्ररीने २०११ च्या सुमारास फॅब लॅब, म्हणजे मेकरस्पेसच, सुरू केली, अमेरिकेतल्या सार्वजनिक लायब्रऱ्यांमधे ती अगदी पहिल्यांपैकी धरतात. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीची मेकर लॅब २०१३ ची. हेलसिंकीच्या ऊडी लायब्ररीत, जी डिसेंबर २०१८ मध्ये उघडली, शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटर एकाच मजल्यावर आहेत आणि ते मला फार आवडतं, कारण शिवणकाम म्हणजे जुनं आणि प्रिंटर म्हणजे टेक्नॉलॉजी हा भेद तिथे उरतच नाही.

मशीन घेताना लोक किमतीकडे बघतात पण खरा प्रश्न वेळेचा असतो. मुठीएवढी वस्तू प्रिंट व्हायला काही तास सहज जातात, म्हणजे दिवसभरात मोजक्याच लोकांचं काम होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी फाईल जमा करून घेतात आणि तयार वस्तू नंतर देतात. लेझर कटर (लेझर किरणाने कापणारं मशीन) असेल तर धूर बाहेर काढायची सोय हवीच, आणि पीव्हीसी हे प्लॅस्टिक त्यात अजिबात घालायचं नाही, क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं.

किटचं सगळं यश परत आल्यावर काय होतं त्यावर असतं. मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकायला केलेला छोटा बोर्ड, त्याचं साधं किट घ्या: बोर्ड, यूएसबी केबल, दोन ट्रिपल ए सेलचा बॅटरी बॉक्स, तारा जोडायच्या क्रोकोडाइल क्लिपा आणि एक सूचनापत्रक. हे परत आलं की कोणीतरी पेटी उघडून झाकणाच्या आत चिकटवलेल्या फोटोशी एकेक वस्तू ताडून बघायची, सेल बदलायचे, आधीच्या मुलाचा प्रोग्रॅम पुसून सुरुवातीचा टाकायचा, मगच ते शेल्फवर. हे कोण करणार ते आधी ठरलेलं नसेल तर थोड्याच दिवसांत अर्धी किट्स अपुरी होतात आणि ज्या मुलाला केबलशिवाय पेटी मिळते ते पुन्हा येत नाही. त्यामुळे दहा किट्स घ्यायच्या ऐवजी सहा घ्या आणि उरलेल्या पैशात सुटे भाग आणून ठेवा.

सामान हरवू नये म्हणून सगळ्यात छान डोकं चालवलंय ते टेलिस्कोपवाल्यांनी. न्यू हॅम्पशायरच्या हौशी खगोलप्रेमींनी २००८ मध्ये लायब्रऱ्यांना टेलिस्कोप द्यायला सुरुवात केली, पण दुकानातून आणला तसा नाही दिला, सुट्या आयपीसऐवजी (डोळा लावायच्या भिंगांऐवजी) एकच झूम आयपीस पक्की बसवून टाकली आणि झाकणं दोरीने बांधली. हीच युक्ती बाकीच्या किटांनाही लागू होते, जे सुटं ठेवायची गरज नाही ते बांधून टाका.

जे वापरून संपतं, म्हणजे लोकर, कापड, फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरमधली प्लॅस्टिकची तार), ते किटात थोडंच द्यावं आणि परत मागू नये. सुया मात्र मोजूनच द्यायच्या आणि मोजूनच घ्यायच्या. एखादी क्लिप हरवली तर दंड लावू नये, अख्खा बोर्ड गेला तर भरपाई ठीक आहे. कॅटलॉगमधे किटची स्वतंत्र नोंद करता येते, लायब्रऱ्या कॅटलॉगच्या नोंदींसाठी वापरतात त्या मार्क पद्धतीत त्यासाठी वेगळा कोडच आहे, पण नोंदीत आतल्या वस्तूंची यादी आणि साधारण कोणत्या वयासाठी आहे हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर सर्च करणाऱ्याला ते सापडतच नाही आणि पेटी काउंटरच्या मागे पडून राहते.