शेष सिद्धांत

बहुपदी प(क्ष) हिला (क्ष − अ) ने भागल्यास बाकी प(अ), म्हणजे क्ष च्या जागी अ ठेवून येणारी किंमत, उरते, असे सांगणारा बीजगणितातील सिद्धांत. फ्रेंच गणिती एत्येन बेझू (१७३०–१७८३) यांच्या नावानेही तो ओळखला जातो. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांची त्याच्याशी गाठ नववीत, ‘बहुपदी’ या प्रकरणात पडते.

सिद्धता अगदी छोटी आहे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, म्हणून प(क्ष) = (क्ष − अ) × भ(क्ष) + ब. बाकीची कोटी (क्ष चा सर्वांत मोठा घात) भाजकाहून कमी हवी आणि भाजकाची कोटी १ आहे, त्यामुळे ब ही नुसती संख्या. क्ष = अ ठेवले की कंस शून्य होतो आणि प(अ) = ब मिळते.

क्ष³ − ४क्ष² + २क्ष + ३ ला (क्ष − २) ने भागायचे असेल, तर ८ − १६ + ४ + ३ = −१ ही बाकी. क्ष = ३ ठेवल्यास किंमत शून्य येते, म्हणजे (क्ष − ३) हा अवयव; हाच अवयव सिद्धांत. क्ष¹⁰⁰ + १ ला (क्ष + १) ने भागण्याची कल्पनाही नकोशी वाटते, पण बाकी तोंडी येते: २. इथे १ नव्हे, −१ ठेवायचा. परीक्षेत गुण जातात ते बहुधा या चिन्हापायी. भाजक (२क्ष − १) असेल तर ½ ठेवावा.

सिद्धांत उलटाही वापरता येतो, आणि खरी कमाई तिथेच आहे. प(१७) हवे असेल तर घात न काढता १७ घेऊन संश्लेषक भागाकार (फक्त सहगुणक मांडून गुणाकार-बेरजेने करायचा भागाकार) करावा. शेवटी येणारी बाकी हेच उत्तर. बहुपदीची कोटी ‘ग’ असेल तर फार तर ‘ग’ इतके गुणाकार लागतात. ही रीत इंग्रज गणिती हॉर्नर यांच्या नावाने चालते, पण चीनमधील छिन च्यूशाओ यांच्या १२४७ च्या ग्रंथातही ती आढळते.

भाजक द्विघाती असेल तर बाकी संख्याच असेल असे नाही. क्ष⁹⁹ ला (क्ष² − १) ने भागताना बाकी (मक्ष + न) धरून क्ष = १ आणि क्ष = −१ ठेवावे. म + न = १, −म + न = −१; म्हणून बाकी क्ष.

नऊची कसोटीही यातूनच निघते. ५७३८ म्हणजे ५क्ष³ + ७क्ष² + ३क्ष + ८ मध्ये क्ष = १० ठेवून आलेली संख्या. या बहुपदीला (क्ष − १) ने भागल्यास बाकी प(१), म्हणजे अंकांची बेरीज २३. क्ष = १० असताना (क्ष − १) म्हणजे ९, म्हणून ५७३८ आणि २३ यांना ९ ने भागल्यावर सारखीच बाकी उरते: ५. अकरासाठी (क्ष + १) घ्यावा: −५ + ७ − ३ + ८ = ७, आणि ५७३८ = ११ × ५२१ + ७.